मनोरा कुठे आणि केबल कुठून?



मागील दोन गळीत हंगामांत गट ऑफिसांतून एकच तक्रार सारखी आमच्या कानावर येत आहे, ‘नेट नाही.’ तोडणीची चिठ्ठी निघत नाही, टोळी फडाच्या कडेला बसून राहते, मुकादम फोनवर फोन करतो. कधी चिठ्ठी उशिरा निघाल्यामुळे वाहन उशिरा मिळते आणि तुटलेला ऊस उन्हात पडून राहतो. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे हे आम्ही शेतकी खात्यातील माणसे घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो. वजन घटते ते सभासदाचे आणि उतारा घटतो तो सर्वांचा. तेव्हा नेट ही आता केवळ ऑफिसातल्या पोरांची चैन राहिलेली नाही.

म्हणून गट ऑफिसे कारखान्याशी थेट जोडावीत, काही ठिकाणी बिनतारी डिश बसवून आणि काही ठिकाणी काचतंतूची म्हणजे फायबर केबल टाकून, असा विचार संचालक मंडळापुढे आहे. प्राथमिक आखणीचे काम शेतकी खात्याकडे आले. ‘शेतकीवाल्यांना यातले काय कळते?’ असे एका सभासदाने विचारलेच. उत्तर सोपे आहे. नकाशे आमच्याकडे आहेत. उसाच्या फडांची जीपीएसने मोजणी करून आम्ही ज्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ती भरतो, त्याच सॉफ्टवेअरमध्ये मनोरा आणि केबल यांचीही आखणी करता येते. ती कशी करतात आणि त्यात सभासदांचे काय काम आहे, ते या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या क्षेत्रातली ही कल्पना नवी नाही. सन १९९८ मध्ये वारणानगर येथे केंद्र शासनाच्या पुढाकाराने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातली ७० गावे त्यात धरली होती. गावातल्या केंद्रावर बसून उसाची नोंद, तोडणीची परवानगी व वजन सभासदाला कळावे हा त्याचा मुख्य उपयोग ठरला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन संस्थेने काही गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाईलच्या एसेमेसवर तेच काम करून पाहिले. कारण गावोगावचे कॉम्प्युटर बहुतांशी उसाच्या कामालाच वापरले जात होते आणि ते काम साध्या फोनवर भागत होते. आमच्या मते यात घेण्यासारखी गोष्ट ही की, यंत्र कोणते यापेक्षा कोणत्या कामासाठी हे आधी ठरवावे. आपल्याला सिनेमा पाहायचा नाही, चिठ्ठ्या आणि वजने पोहोचवायची आहेत.

नकाशावर नकाशा

सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. एका कागदावर रस्ते, दुसऱ्यावर ओढे-नाले व नदी, तिसऱ्यावर गट नंबर, चौथ्यावर आपले ऊस फड, पाचव्यावर जमिनीची उंची. आम्ही क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. सन २००२ मध्ये सुरू झालेले हे काम जगभरातल्या लोकांनी मिळून वाढवले आहे व ते फुकट मिळते. सहकाराचाच तो एक प्रकार म्हणावा लागेल, फक्त त्याला शेअर्स नाहीत आणि निवडणूकही नाही.

या कागदांत उंचीचा कागद सर्वांत महत्त्वाचा. तो कुठून आला? फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचे एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले व त्यावरच्या रडारने बहुतेक सर्व जमिनीची उंची मोजली. त्याचा बारीक तपशील काही वर्षांपूर्वी सर्वांना खुला झाला. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असे चौकोन पाडलेले आहेत आणि दर चौकोनाला एक उंची दिलेली आहे. आपल्या हिशेबात सांगायचे तर सुमारे नऊ गुंठ्यांना एक आकडा. नऊ गुंठ्यांत एका कडेला विहीर आणि दुसऱ्या कडेला ताल असला तरी आकडा एकच! शिवाय रडारने मोजला तो वरचा पृष्ठभाग. दाट झाडी असेल तिथे जमीन कुठे संपली आणि शेंडा कुठे सुरू झाला हे त्याला नीट कळत नाही. मोजणीचे उद्दिष्टच मुळी उंचीतली चूक १६ मीटरच्या आत ठेवण्याचे होते. सपाट मुलखात प्रत्यक्ष चूक पुष्कळ कमी निघते, पण डोंगरकड्याजवळ भरवसा ठेवू नये. म्हणून कॉम्प्युटरवर रेघ मारून झाली की माळावर चढून डोळ्यांनी बघावे लागते, त्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण गाव नकाशांची. गट नंबरांचे जुने नकाशे साखळीने मोजून कागदावर काढलेले. ते उपग्रहाच्या चित्रावर ठेवले की बाजूला सरकलेले दिसतात, कधी बांध ओढ्यात जातो तर कधी देऊळ रस्त्यावर येते. मग गावचा शिवेचा दगड, जुनी विहीर, रस्त्याची चौफुली अशा पक्क्या खुणा धरून नकाशा ताणून बसवावा लागतो. जितक्या पक्क्या खुणा, तितका बांध बांधावर येतो.

डिशला डिश दिसली पाहिजे

मायक्रोवेव्ह रेडिओ म्हणजे दोन डिशांनी एकमेकींकडे तोंड करून बोलणे. या लहरी विजेरीच्या झोताप्रमाणे बहुतांशी सरळ जातात, टेकडीला वळसा घालत नाहीत. सन १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही एका उंचवट्यावरून दुसरा उंचवटा दिसावा हीच अट होती. नकाशावर दोन ठिकाणे दाखवली की सॉफ्टवेअर मधल्या जमिनीचा उभा छेद काढून देते. नांगराच्या तासाने जमीन कापली तर बाजूने जशी दिसेल तसा. त्या छेदावर दोन्ही मनोऱ्यांची टोके जोडणारी रेघ ओढायची आणि ती कुठे जमिनीला लागते का ते पाहायचे.

पण नुसती रेघ मोकळी असून भागत नाही. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. लहर ही दोरीसारखी जात नाही. ती मध्ये फुगते, दोन्ही टोकांना निमुळती आणि पोटात जाड, काकडीसारखी. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने तो भाग ओळखला जातो. या काकडीच्या अर्ध्या जाडीपैकी किमान ६० टक्के भाग मोकळा हवा असा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. झाडाचा शेंडा त्यात घुसला तर डिशला डिश दिसत असूनही माल पोहोचत नाही.

एक हिशेब करून दाखवतो. समजा, कारखाना आणि गट ऑफिस यांत १२ किलोमीटर अंतर आहे आणि लहर ५.८ गिगाहर्ट्झची आहे. मध्यभागी काकडीची अर्धी जाडी साडेबारा मीटरच्या आसपास येते, तिचे ६० टक्के म्हणजे साडेसात मीटर. त्यात पृथ्वीच्या गोलाईचे दोन मीटर मिळवा. होय, बारा किलोमीटरांतही जमिनीचे पोट मध्ये दोन मीटर वर येते, आणि हवेमुळे लहर किंचित खाली वाकते ती सवलत धरूनच हा आकडा आहे. झाले साडेनऊ मीटर. आता आपला ऊस. आडसाली ऊस कितीही माजला तरी तीन-चार मीटरच्या घरात, त्याची काळजी नको. काळजी निलगिरीची, नारळाची आणि ओढ्याकाठच्या जुन्या झाडांची. ती १५ मीटर धरली तर मध्यावर झोत जमिनीपासून सुमारे २५ मीटर उंचीवरून गेला पाहिजे. जमीन सपाट असेल तर दोन्ही टोकांना २५-२५ मीटरचे मनोरे, किंवा कारखान्याच्या बाजूला उंच इमारतीचा आधार घेऊन ३५ मीटर मिळाले तर गट ऑफिसला १५ मीटरचा खांब पुरतो. मधोमध सरासरी तीच येते. खर्चात मात्र फार फरक पडतो, कारण कारखान्यावरची उंची सर्व गटांना मिळून एकदाच लागते.

‘मनोरा आमच्या माळावर का नाही?’ असे दोन गावांनी विचारले आहे. माळ उंच आहे हे खरे. पण सॉफ्टवेअरला एक ठिकाण दिले की तिथून कुठली कुठली गावे दिसतात तेवढा भाग ते रंगवून दाखवते. दोन्ही माळांची चित्रे आम्ही काढली. एका माळावरून कारखाना स्वच्छ दिसतो, पण खालची गावे माळाच्या खांद्याआड जातात. दुसरा माळ उंचीने कमी, तरी त्यावरून जास्त गट ऑफिसे रंगतात. उंच असणे निराळे आणि उपयोगी असणे निराळे. ही चित्रे शेतकी ऑफिसात लावली आहेत, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावीत.

लहर कोणती घ्यावी याबद्दल थोडे. सन २०१८ मध्ये केंद्र शासनाने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे मोठे पट्टे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरास खुले केले. त्यामुळे आपल्यासारख्यांना तिथे डिश लावता येते. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातील गावांत याच पट्ट्यातील उपकरणांनी जोडणी करून दाखवली आहे. विनापरवान्याची दुसरी बाजू अशी की हे गायरान आहे, कोणाचीही जनावरे येऊ शकतात. शेजारी कोणी त्याच पट्ट्यात डिश लावली तर गोंगाट वाढतो आणि दाद मागायला जागा नाही. मोबाईल कंपन्या १५, १८ गिगाहर्ट्झसारखे परवान्याचे पट्टे वापरतात. तिथे गर्दी नाही, पण मुसळधार पाऊस त्या लहरी खाऊन टाकतो. ५.८ ला पावसाचा त्रास नगण्य.

पाऊस नव्हे, तर थंडी या पट्ट्याला त्रास देते असे सांगितले तर नवल वाटेल. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असा उलटा थर बसतो. पाणी दिलेल्या फडांवर दमटपणा असतोच. अशा थरातून लहर वाकडी जाते, किंवा दोन वाटांनी पोहोचून स्वतःलाच मारते. सूर्य वर आला की सुरळीत. नेमका हा आपला हंगामाचा काळ आणि पहाटेची चिठ्ठ्यांची वेळ! म्हणून हिशेबात सढळ शिल्लक ठेवावी लागते. अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाईवर येते, हे ध्यानात घेऊन लांबचा एकच टप्पा घेण्यापेक्षा मध्ये एक ठिकाण धरून दोन आखूड टप्पे घेणे आम्हांला पसंत आहे.

जाता जाता एक इशारा. ‘तुमच्या शेतात मोबाईल टॉवर बसवतो, महिना इतके भाडे देतो, आधी अमुक रक्कम भरा’ असे फोन सभासदांना येतात. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी जमीनमालकाकडून कसलीही फी घेत नाही, असे त्यांनी वारंवार जाहीर केले आहे. आगाऊ पैसे मागणारा लबाड समजावा व पोलिसांत कळवावे.

केबल म्हणजे पाइपलाइनच

काचतंतूला मात्र टेकडी-झाडी काही आडवे येत नाही. केसासारखी बारीक काचेची तार, तिच्या मधल्या गाभ्यातून उजेड जातो. जुन्नर भागात नारायणगावजवळ खोडद येथील मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिशा सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत, त्या मध्यवर्ती ठिकाणाला काचतंतूंनीच जोडलेल्या आहेत. उसाच्या मुलखात ही तार काही अनोळखी नाही.

उपसा योजनेत पाइप जितका लांब तितका दाब घटतो, तसा इथे उजेड घटतो. पण किती थोडा! साधारण किलोमीटरला ०.३५ डेसिबल. एका टोकाला यंत्र ठेवून एकच तार ३२ ठिकाणी वाटायची असेल तर वाटणीतच सुमारे १७ डेसिबल जातात. जमेला साधारण २८ आहेत. २० किलोमीटरच्या तारेत ७, वाटणीत १७, मिळून २४. उरले ४, त्यात सांधे, जोडण्या आणि पुढेमागे केबल तुटून पडणारे नवे सांधे. सांधा चांगला वितळवून जोडला तर एकाला ०.१ डेसिबलही जात नाही. म्हणजे हिशेब बसतो, पण उधळपट्टीला जागा नाही.

मार्ग ठरवताना सॉफ्टवेअरला प्रत्येक वाटेचा भाव सांगावा लागतो. मुरूम स्वस्त, काळा पाषाण महाग, ओढा ओलांडणे त्याहून महाग, पुलावरून न्यायचे तर परवानगी वेगळी. मग सर्व गट ऑफिसे कमीत कमी खर्चात जोडणारे जाळे कोणते, हे ते शोधते. हा प्रश्न सन १९२६ मध्ये ओटाकर बोरुव्का या गणित्याने मोराव्हिया प्रांतातील वीज जाळ्यासाठी सोडवला होता. उत्तर नेहमी झाडाच्या आकाराचे येते, खोड, फांद्या, डहाळ्या. आपल्या कालवा-वितरिका-चाऱ्यांसारखे. स्वस्त खरे, पण खोड तुटले की पुढचे सारे कोरडे. दुसऱ्या बाजूने एक तुकडा जास्त टाकून कडे पूर्ण केले तर एका ठिकाणी तुटूनही माल उलट्या वाटेने येतो. गावोगावच्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारी केंद्र शासनाची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारित योजनेत तालुका ते ग्रामपंचायत हे जाळे कड्याच्या आकाराचे करण्याचे ठरले. आम्हीही संचालक मंडळाला हेच सुचवले आहे. जिथे कडे केबलने पुरे करणे परवडत नाही, तिथे तो उरलेला तुकडा डिशने सांधावा. डिश आणि केबल यांत भांडण लावण्याचे कारण नाही.

जे नकाशावर नाही ते

आता मुख्य मुद्दा. दूरसंचार केबलसाठी चर साधारणपणे १.६५ मीटर खोल घेतात, खडक लागला तर कमी. आपल्या उपसा सोसायट्यांच्या आणि खाजगी पाइपलाइनी याच खोलीच्या आसपास आहेत. मागच्या वर्षी रस्त्याकडेने एका ठेकेदाराने चर काढताना पाइपलाइन फोडली. उन्हाळ्याचे दिवस, खोडव्याला पाण्याची पाळी आलेली. दुरुस्तीला आठ दिवस गेले. ठेकेदाराचे म्हणणे, नकाशावर काही नव्हते. आणि ते खोटे नव्हते! उपग्रहाला जमिनीखालचे दिसत नाही, सातबाऱ्यावर पाइपलाइनचा मार्ग रेखाटलेला नसतो, आणि ज्यांनी ती टाकली ती माणसे आता थकली, काही गेली. मार्ग माहीत आहे तो एखाद्या जुन्या पाणीवाल्याला.

मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप काढले आहे. खोदणाऱ्याने आधी त्यात कळवायचे, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या केबल वा वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. चांगली सोय आहे. परंतु आपल्या पाइपलाइनी त्याला ठाऊक असतील असे धरून चालू नये. ते ज्ञान आपणच नकाशावर आणले पाहिजे. सॉफ्टवेअरला आम्ही पाइपलाइन हा सहावा कागद जोडला आहे. आज तो जवळजवळ कोरा आहे.

कोणी म्हणेल, आम्ही पाइपलाइन दाखवली तर उद्या कोणी हद्दीवरून वाद काढील. ही भीती आम्ही ऐकली आहे. म्हणून स्पष्ट करतो की हा कागद फक्त खोदाईचा मार्ग ठरवण्यासाठी आहे, त्यावर मालकाचे नाव छापले जाणार नाही, आणि त्यावरून कोणाचा हक्क सिद्ध वा रद्द होत नाही. केबलचा मार्ग शक्यतो रस्त्याच्या हद्दीतूनच धरला आहे. जिथे खाजगी बांधावरून जाणे टळत नाही, तिथे मालकाशी लेखी करार झाल्याशिवाय चर पडणार नाही. सभासदांनीही तोंडी होकारावर कोणत्याही कंपनीच्या माणसाला खोदू देऊ नये.

दसऱ्यापर्यंत, गळीत सुरू होण्यापूर्वी, चिटबॉय प्रत्येक गावी येतील. त्या वेळी जुन्या पाणीवाल्याला किंवा पाइपलाइन टाकताना हजर असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. पाइपलाइनवरून चालत जायचे आहे, एवढेच. मोबाईल हातात धरून चिटबॉय मागून चालेल आणि रेघ आपोआप नकाशावर उमटेल. व्हॉल्व्ह, एअरपाइप, वळण आणि रस्ता ओलांडण्याची जागा या ठिकाणी क्षणभर थांबावे, त्या खुणा वेगळ्या घेतल्या जातात. खोली फुटांत सांगितली तरी चालेल. डिशच्या वाटेवरील निलगिरीची वा सुबाभळीची लागण असल्यास तिचे वर्ष सांगावे, कारण आज आठ मीटर असलेले झाड पाच वर्षांनी कुठे जाईल ते सॉफ्टवेअरला कळत नाही, लावणाऱ्याला कळते. ज्यांना दिवसा सवड नाही त्यांनी गट नंबर आणि कच्चे रेखाटन वहीच्या कागदावर काढून गट ऑफिसात द्यावे. तिरके-वाकडे असले तरी हरकत नाही, जागेवर येऊन आम्ही ते सरळ करून घेऊ.